आधी मापं, मग रंग : शाळा व्यवस्थापन समित्यांना गणवेशाबद्दल खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या शाळा

सप्रेम नमस्कार.

गणवेशाची खरेदी पुन्हा तुमच्या हातात आली आहे. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच गणवेश करायचं ठरलं. कापड एका जागी खरेदी झालं आणि शिलाई महिला बचत गटांकडे गेली. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक गावांत मुलं जुन्याच कपड्यांत येत होती, आणि गणवेश आले तेव्हा कुणाला आखूड, कुणाला ढगळ झाले. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हा निर्णय मागे घेतला आणि खरेदीचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला परत दिला. समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशाला ३०० रुपये, दोन गणवेशांचे ६०० रुपये हा हिशेब तुम्हाला तोंडपाठ आहेच.

पैसे थोडे आहेत, वेळही थोडा मिळतो. तरी तेवढ्यात चांगला गणवेश होऊ शकतो, असं आम्ही हे काम जवळून जाणणारे लोक खात्रीने सांगतो. त्यासाठी एक गोष्ट बदलावी लागेल. समितीच्या बैठकीत गणवेशाचा विषय निघाला की पहिला प्रश्न रंगाचा येतो, दुसरा दुकानदाराचा. जी मुलं तो कपडा वर्षातले दोनशेच्या वर दिवस अंगावर घालणार, सतरंजीवर मांडी घालून बसणार, पोषण आहाराची खिचडी सांडणार, खो-खो खेळणार, त्यांना कुणी काही विचारत नाही. कापड घेण्याआधी मुलांना विचारा, आणि रंगाच्या आधी अंगाचं विचारा. एवढीच आमची मागणी आहे. ती कशी करायची ते पुढे सविस्तर लिहितो.

सुरुवात जुन्या गणवेशांपासून करा. वेगवेगळ्या वर्गांतल्या वीस-पंचवीस मुलांना गेल्या वर्षीचा गणवेश, फाटका असेल तसाच, धुऊन आणायला सांगा. सतरंजीवर पसरा आणि मुलांच्याच हातात खडू द्या. जिथे उसवलं, फाटलं, विरलं, तिथे त्यांनी गोल करायचा. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होतं. शर्टाच्या खिशाचा वरचा कोपरा फाटलेला दिसेल, कारण तिथे उलटसुलट भक्कम टाके घातलेले नसतात आणि पेन, कंपास, गोट्या यांचा सगळा ताण त्या एका टोकावर येतो. पँटचं आसन, म्हणजे दोन पायांमधली शिवण, उसवलेलं दिसेल, कारण तिथे एकच शिलाई असते आणि मांडी घालताना सगळ्यात जास्त ओढ तिथेच बसते. बटणं तुटलेली दिसतील. मशीनवर साखळी टाक्याने लावलेल्या बटणाचा सुटा दोरा मुलाने एकदा ओढला की अख्खा टाका उलगडत जातो. स्कर्टच्या हुकाजवळ पट्टा चिरलेला, काखेत कापड विरलेलं, गुडघ्यावर झिजलेलं. या सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि कुठल्या जागी किती खुणा, हे एका शीटमध्ये मोजा. पुढे शिंप्याशी किंवा बचत गटाशी बोलताना हे फोटो कुठल्याही अटी-शर्तींच्या कागदापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मग प्रश्नावली. गूगल फॉर्म मराठीत बनवायला एक तास लागतो, पण प्रश्न चुकले तर तो तास वाया जातो. ‘तुम्हाला गणवेश आवडतो का?’ असं गुरुजींनी विचारलं तर सगळी मुलं हो म्हणणार. त्याऐवजी असं विचारा की मांडी घालून बसल्यावर कुठे ओढतं, कुठे टोचतं, खिशात रोज काय ठेवतोस, सायकल चालवताना कपडा कुठे अडतो, शौचालयात गेल्यावर हूक किंवा चेन स्वतःची स्वतःला लावता येते का, कुठल्या दिवशी गणवेश घालणं नको वाटतं आणि का. नाव विचारू नका. इयत्ता आणि मुलगा की मुलगी एवढं पुरे. सगळ्यांच्या घरी फोन नसतो आणि असला तरी तो वडिलांबरोबर कामावर जातो, म्हणून लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. शाळेचा टॅब किंवा एका शिक्षकाचा फोन वर्गाबाहेर बाकावर ठेवा आणि मुलांना एकेक करून पाठवा.

पहिली-दुसरीच्या मुलांना फॉर्म जमणार नाही. त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर मुलाची मोठी आकृती काढा, एक पुढून आणि एक मागून, आणि कपाळाला लावायच्या टिकल्यांची पाकिटं आणा. फाटतं तिथे लाल टिकली, टोचतं तिथे पिवळी. मानेच्या मागे पिवळ्या टिकल्यांची गर्दी दिसली तर समजा की कंपनीचं लेबल टोचतंय. ते आतल्या बाजूच्या शिलाईत घेतलं की काम भागतं, एक रुपयाही वाढत नाही. ज्या मुलांना स्पर्श सहन होत नाही त्यांना हे लेबल आणि ओव्हरलॉकची (कापडाची कड गुंफणाऱ्या शिलाईची) खरखरीत कड दिवसभर छळते, आणि ती मुलं बोलून दाखवत नाहीत.

मुलींचं वेगळं आणि नीट ऐका. सहावी ते आठवीच्या मुलींशी बोलताना शिक्षिका किंवा आशाताई असाव्यात, समितीतले पुरुष नकोत. तिथे जे विषय निघतात ते बैठकीत कधीच येत नाहीत. पांढरी सलवार पाळीच्या दिवसांत नको वाटते. फिक्या शर्टातून पावसात भिजल्यावर आतलं दिसतं. ओढणीच्या पिना कापड फाडतात आणि टोचतात. खिसा नसतो, त्यामुळे रुमाल, पैसे, सॅनिटरी पॅड ठेवायला जागाच नाही. स्कर्ट घालून खाली बसणं आणि सायकल चालवणं या दोन्हींत सारखं लक्ष कपड्याकडे ठेवावं लागतं. गडद रंगाची सलवार किंवा पँट, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, दोन्ही बाजूंना शिवणीतला खोल खिसा आणि ओढणीऐवजी वरून घालायचं जॅकेट, असा पर्याय मुलींसमोर ठेवून पाहा. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयनचिरंगराच्या सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये मुलामुलींना सारखाच, शर्ट आणि गुडघ्यापर्यंतच्या पँटचा गणवेश दिला. तुमच्या गावात तोच हवा असं आमचं म्हणणं नाही. पण मुली धावू शकतात का, हा प्रश्न तरी बैठकीच्या टिपणात लिहिला जावा.

आता कापड. दुकानदार मोबाइलवर फोटो पाठवतो आणि त्यावरच ‘हा निळा’ असं ठरतं. फोनच्या पडद्यावरचा रंग खरा नसतो. दोन फोन शेजारी धरलेत तर तोच निळा दोन प्रकारचा दिसतो. किमान एक वीत लांब-रुंद कापडाचा नमुना मागवा आणि तो उन्हात, वर्गातल्या ट्यूबलाइटखाली आणि ओला करून, असा तिन्ही वेळा बघा. शर्टाचा नमुना ओला करून तळहातावर ठेवा. हातावरच्या रेषा दिसल्या तर ते कापड मुलींच्या शर्टाला नको.

पुढची तपासणी घरगुती आहे, पण फसवणूक हमखास पकडते. नमुन्यातून बरोबर १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि गावातल्या सोनाराच्या काट्यावर वजन करा. जितके ग्रॅम येतील त्याला १०० ने गुणलं की चौरस मीटरचं वजन, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेतलं जीएसएम निघतं. १.२ ग्रॅम आलं तर १२० जीएसएम. शर्टाला ११० ते १३० आणि पँट-स्कर्टला २०० च्या आसपास ठीक. त्याहून हलकं कापड वर्ष काढत नाही, त्याहून जड कापड एप्रिलच्या उन्हात मुलांना उकडवतं. मग तोच तुकडा साबणाने तीनदा धुऊन, वाळवून पुन्हा तोला. वजन बरंच घटलं तर समजा की कापडाला खळ होती. दुकानात कडक आणि भरीव वाटलेलं ते कापड महिन्याभरात जाळीसारखं होणार.

कापड आटतं किती, हेही याच वेळी बघा. यासाठी अर्ध्या मीटरहून मोठा नमुना मागवा. त्यावर पक्क्या पेनाने ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन काढा, तीन वेळा धुवा आणि परत मोजा. ५० चं ४८.५ झालं तर आटणं ३ टक्के. ३४ इंचांच्या पँटवर ते एक इंच होतं, म्हणजे चांगली पँट घोट्याच्या वर जाते. अशा वेळी कापड नाकारा, किंवा कापण्याआधी अख्खा तागा भिजवून वाळवायची अट घाला. ओल्या पांढऱ्या रुमालाने वीस वेळा घासून रंग उतरतो का तेही पाहा.

सुती किती आणि पॉलिस्टर किती, हा नेहमीचा वाद. दुकानदार ‘कॉटन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा पॉलिस्टर-कॉटनचं मिश्रण असतं. अंगणात, मोठ्या माणसाने, चिमट्यात दोन-चार धागे धरून जाळून पाहावेत. शुद्ध सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक काळी गाठ उरते. गाठ झाली तर ते शुद्ध सुती नाही, एवढं नक्की. नेमकं प्रमाण यातून कळत नाही, ते बिलावर लिहून घ्या. आमचं मत विचाराल तर शर्टाला मिश्र कापडच घ्यावं. ते लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही, आणि ज्या घरात एकच गणवेश रात्री धुऊन सकाळी घालायचा असतो तिथे हे फार महत्त्वाचं. मात्र सुती भाग जितका जास्त मिळेल तितका घ्या, कारण घाम तोच टिपतो.

रंग मुलांनी निवडावा. पण त्यांच्यासमोर तीनच पर्याय ठेवा, आणि तिन्ही असे की जे ३०० रुपयांत बसतात, कापडाच्या तपासणीत पास झाले आहेत आणि पुढच्या वर्षीही मिळतील. मुलांनी निवडायचं आणि मग ‘ते महाग पडतं’ म्हणून दुसरंच आणायचं, असं एकदा झालं की पुढच्या वर्षी कुणी मनापासून उत्तर देत नाही. हात वर करून मतदान घेऊ नका, वर्गातल्या दांडग्या मुलाकडे बघून बाकीचे हात वर जातात. कापडाचे खरे तुकडे टेबलावर, मत फॉर्ममध्ये किंवा चिठ्ठीवर, आणि प्रत्येकाने पहिली व दुसरी पसंती लिहायची. कोकणातली तांबडी माती पांढऱ्यावर कायमची बसते, हे मुलांना आधी सांगा. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि उन्हात वाळवला की फिका पडतो, हेही सांगा. अशी माहिती दिली की मुलं विचारपूर्वक निवडतात.

हल्ली एआयला सांगून गणवेशाची चित्रं काढण्याची हौस आली आहे. मुलांना ती करू द्या, मजा येते आणि बोलायला विषय मिळतो. पण त्या चित्रावरून कपडा शिवता येत नाही. त्यात शिवणी कुठूनही सुरू होतात आणि कुठेही संपतात, खिसा उघडतच नाही, चेन नसतेच. निवडलेली कल्पना इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पुढून-मागून साध्या रेषांत काढून घ्या. कॉम्प्युटर नसेल तर चौकटीच्या वहीवर पेन्सिलने काढा. प्रत्येक शिवण, खिसा, बटण आणि माप त्यात दिसलं पाहिजे. शिंप्याला तेच लागतं.

मापं घेणं हा या सगळ्या कामाचा कणा, आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. ‘चौथीला २८ नंबर’ असा इयत्तेवरून माल घेणं आधी बंद करा. एकाच चौथीत २४ छातीचा मुलगाही असतो आणि ३० चाही. मापासाठी नवी टेप आणा. जुनी रेक्झिनची टेप ताणून अर्धा इंच वाढलेली असू शकते, म्हणून ती आधी लोखंडी पट्टीशी ताडून बघा. पातळ कपड्यावरून माप घ्या. छाती मोजताना टेप काखेखालून सरळ, पाठीमागे घसरलेली नको. टेपच्या आत बोटं घालून ढिलं माप घेऊ नका. ढिलाई कागदावर धरायची असते, मापात धरली की दोनदा धरली जाते आणि मुलाचा तंबू होतो. मुलींची मापं बाईंनी किंवा बचत गटातल्या ताईंनी बंद खोलीत घ्यावीत, आणि आकडा मोठ्याने सांगू नये. लिहिणारीच्या कानात सांगावा, नाहीतर बोटाने टेपवर दाखवावा. वर्गासमोर ओरडून सांगितलेला आकडा मुलगी विसरत नाही.

शीटमध्ये नाव नको, हजेरी क्रमांक लिहा. इयत्ता, उंची, छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर), तीरा (खांद्यांची रुंदी), बाही आणि पँट किंवा सलवारची लांबी, एवढे रकाने पुरतात. छातीच्या रकान्याला २० ते ४० इंचांची मर्यादा घाला. शीटमध्ये डेटा व्हॅलिडेशन नावाची सोय आहे. मग कुणी चुकून सेंटिमीटरमध्ये ६२ लिहिलं तर शीट घेणारच नाही. अर्धा इंच सगळ्यांनी एकाच पद्धतीने, २४.५ असा लिहावा. आकडे इंग्रजी टाइप करा. देवनागरी आकडे शीट बऱ्याचदा मजकूर समजते आणि बेरजेत धरत नाही, मग दहा मुलं गायब होतात. प्रत्येक वर्गातली पाच मुलं दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजावीत. फरक अर्ध्या इंचाच्या वर आला तर त्या वर्गाची मापं परत घ्या. ही शीट शिंपी आणि मुख्याध्यापक यांच्यापुरती ठेवा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका.

आता वर्गवारी. छातीचं माप दोन सम आकड्यांच्या मध्ये आलं तर वरचा आकडा धरा आणि कुठल्या नंबरची किती मुलं ते शीटमधल्या पिव्हट टेबलने किंवा काउंटइफ सूत्राने मोजा. समजा १२० मुलांची शाळा आहे आणि उत्तर असं आलं : २४ ची १४ मुलं, २६ ची ३१, २८ ची ३३, ३० ची २४, ३२ ची १२, ३४ ची ४, आणि दोन मुलं कुठल्याच नंबरात बसत नाहीत. मग त्या दोघांचे कपडे त्यांच्या मापाने वेगळे शिवायचे, गाजावाजा न करता, आणि बाकीच्यांबरोबर त्याच दिवशी द्यायचे. पाठीत कुबड असलेलं, पायाला आधाराचा कॅलिपर लावणारं, व्हीलचेअरवरचं मूल असेल तर त्याच्या आईला मापाच्या दिवशी बोलवा. कॅलिपरवरून पँट चढवायला बाजूच्या शिवणीत वेल्क्रो किंवा लांब चेन लागते. व्हीलचेअरवर पँट मागून उंच आणि पुढून उतरती हवी, नाहीतर कंबर उघडी पडते.

कागदी कटिंगचं काम सीमली-टूडी किंवा व्हॅलेंटिना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये साध्या कॉम्प्युटरवर होतं. जवळच्या आयटीआयमधल्या ड्रेस मेकिंगच्या निदेशकांना विचारा, ते मदत करू शकतील. शर्टाचा आराखडा एकदा सूत्रांनी बांधला की छाती २४, २६, २८ घालत जायचं आणि प्रत्येक नंबरचा नकाशा, म्हणजे कापड कापायचा कागदी साचा, तयार होतो. अंगाच्या छातीवर ४ इंच ढिलाई, सीटवर ३ इंच. छपाई ए-फोर कागदांवर तुकड्यांत निघते. मधल्या नंबरच्या शर्टाच्या एका पुढच्या भागाला साधारण सहा कागद जोडावे लागतात. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा. ते चालू राहिलं आणि छपाई ९७ टक्क्यांची झाली, तर ३० इंचांची छाती २९.१ इंच होते, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पहिल्या कागदावर १० सेंटिमीटरचा चौकोन काढून ठेवा आणि कात्री उचलण्याआधी पट्टीने मोजा. जोडलेला नकाशा जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापला की वर्षानुवर्षं चालतो. तीनमितीय कपडे दाखवणारी महागडी सॉफ्टवेअर शाळेला लागत नाहीत, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

शिंप्यांशी एका गोष्टीवर मात्र वाद घालावा लागेल. मुलाला कपडा मोकळा व्हावा म्हणून बरेच जण मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेतला घेर, खाली उतरवतात. दिसायला शर्ट ऐसपैस दिसतो, पण मुलाने फळ्यावर लिहायला हात वर केला की अख्खा शर्ट वर ओढला जातो आणि पोट उघडं पडतं. मुंढा काखेच्या जवळ, उंच हवा, आणि मोकळेपणा बाहीच्या रुंदीत आणि छातीत द्यायचा. आसनाचंही तसंच आहे. पँटचं आसन खाली लोंबलं तर मांडी घालताना कापड मांड्यांना अडतं आणि शिवणच फाटते. मागचं आसन एक इंच उंच घ्या, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही, आणि आसनाच्या शिवणीला दोनदा टाके द्या. पहिली-दुसरीला हूक, चेन नको, नेफ्यात रुंद इलॅस्टिक घाला. मोठ्यांच्या पँटला मागच्या अर्ध्या कमरेत इलॅस्टिक असलं तर एकच नंबर दोन अंगांना बसतो.

आणि माया सोडा, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड राखा. बाजूच्या शिवणीत एक इंच, पँटच्या तळाशी अडीच इंच दुमड, स्कर्टला तीन. शाळकरी मूल वर्षाला सर्वसाधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, वयात येताना त्याहूनही वेगाने. माया असेल तर दिवाळीत दुमड सोडून पँट लांब करता येते. पँटची तळची दुमड आधी घालूच नये. लांब सोडलेली पँट शाळेत आणावी, मुलाला घालून खडूची खूण करावी आणि तिथेच मशीनवर दुमडावी. १२० मुलांना दोन मशीन असतील तर दोन दिवसांत हे उरकतं, आणि आखूड-लांबच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

सगळं शिवण्याआधी तीन नमुने शिवून घ्या, लहान, मधला आणि मोठा, आणि तीन मुलांना दोन आठवडे रोज घालू द्या. दर तिसऱ्या दिवशी धुणं. मग त्यांना दहा मिनिटं मांडी घालून बसवा, फळ्याच्या वरच्या कडेला हात लावायला सांगा, पायाची बोटं धरायला सांगा, सायकल चालवू द्या, खो-खोच्या पाटीवर बसवा. प्रत्येक वेळी व्हिडिओ घ्या, फक्त कपड्याचा, चेहरा नको. कुठे चुण्या ताणतात ते थांबवून बघता येतं. पाठीवर आडव्या चुण्या म्हणजे तीरा अरुंद, काखेतून छातीकडे तिरक्या म्हणजे मुंढा चुकलेला, मांडीच्या सांध्यातून फुटणाऱ्या म्हणजे पुढचं आसन कमी. दुरुस्ती नकाशात करा, कपड्यात नाही, म्हणजे पुढचे ११७ बरोबर येतील.

आता वेळेचा हिशेब. १२० मुलं, दोन गणवेश, प्रत्येकी दोन कपडे, म्हणजे ४८० कपडे. दोन मशीनवर मिळून दिवसाला दहा कपडे धरले तर ४८ दिवस लागतात, त्यात लग्नसराई आणि वीज जाणं आलंच. जूनच्या मध्यावर कपडे हवेत तर कापड एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बचत गटाच्या हातात पाहिजे. म्हणजे जानेवारीत जुन्या गणवेशांची पाहणी आणि प्रश्नावली, फेब्रुवारीत कापडाच्या तपासण्या आणि नमुने, मार्चमध्ये मापं. पहिलीत येणारी मुलं तेव्हा शाळेत नसतात. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्याला ती आईबरोबर येतात, तिथेच एक टेबल मापांचं लावा. निधी उशिरा येतो हे खरं, पण विचारायला, मोजायला आणि नमुना शिवायला निधीची वाट बघावी लागत नाही. तीन नमुन्यांचं कापड आणि शिलाई यापलीकडे या सगळ्याला फारसा खर्च नाही.

कापड सगळं एकाच लॉटमधलं घ्या. दुसऱ्या खेपेचा निळा तोच असेल याची कुणी हमी देत नाही. लहान-मोठं मिळून एका शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वा मीटर कापड धरलं तर २४० शर्टांना ३०० मीटर लागतं. त्यावर ५ टक्के, म्हणजे १५ मीटर जास्त घ्या. वर्षाच्या मध्ये येणारी ऊसतोड कामगारांची मुलं आणि बदलीने आलेली मुलं यांचे गणवेश त्यातून होतात, आणि ठिगळालाही तेच कापड मिळतं. गावातल्या बचत गटाला काम देत असाल तर शिलाईचा दर आणि दिवस लिहून ठरवा. कमी दर दिला की टाके लांब पडतात. इंचाला दहा-बारा टाके, पॉलिस्टरचा दोरा, खिशाच्या कोपऱ्यांना उलटसुलट भक्कम टाके, सगळ्या कडांना ओव्हरलॉक आणि दर शर्टाच्या आत दोन जास्तीची बटणं, हे पाच मुद्दे करारात हवेत. शेवटचा हप्ता मुलांनी कपडे घालून बघितल्यानंतर आणि दुरुस्त्या झाल्यानंतर, पण त्यानंतर लगेच द्या. ताईंना पैशासाठी शाळेच्या फेऱ्या मारायला लावू नका.

हे पत्र पुढच्या बैठकीत वाचून दाखवावं आणि त्या बैठकीला पाचवी ते आठवीच्या दोन मुली आणि दोन मुलं बोलवावीत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. बैठकीआधी त्यांना टेप, खडू आणि तीन कापडांचे तुकडे द्या. बाकी प्रश्न ती स्वतःच विचारतील. नकाशाचे पुठ्ठे, मापांची शीट आणि उसवलेल्या जागांचे फोटो शाळेच्या कपाटात आणि कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे ठेवा, म्हणजे समितीची मुदत संपून नवे सदस्य आले तरी त्यांना हे सगळं हाताशी मिळेल.

आपले,
शिवण, कटिंग आणि शाळांच्या मापांचं काम जाणणारे काहीजण